‘फक्त ३% व्याज’ म्हणजे नक्की किती? सातवीतल्या सरळव्याजाने लोन ॲपचं गणित सोडवू या

गेल्या वर्षी एका रात्री साडेअकराला मामेभावाचा व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट आला. एका लोन ॲपचा. वर हिरव्या अक्षरात ‘६,००० रुपये मंजूर’, खाली बारीक अक्षरात ‘व्याज फक्त ३%’. सोबत त्याचा मेसेज: “दादा, तीनच टक्के आहे. बँकेपेक्षा स्वस्त. घेऊ ना?”

मी विचारलं, पैसे कशाला हवेत? पाच मिनिटं नुसतंच ‘टायपिंग...’ दिसत राहिलं. मग कळलं, की आधीच्या महिन्यात त्याने दुसऱ्या एका ॲपवरून ५,००० रुपये उचलले होते, मेसचे आणि रूमचे पैसे भरायला. ते फेडायची तारीख परवावर आली होती. म्हणजे पहिलं लोन फेडायला दुसरं लोन. घरी अर्थातच काही सांगितलेलं नव्हतं.

हा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इंटिग्रेशन करतो. आणि त्याला अडवणारं गणित सातवीतलं होतं, ‘बँक व सरळव्याज’ या धड्यातलं. ती शाब्दिक उदाहरणं आपण सगळ्यांनी सोडवलीत. मग ती फोनच्या स्क्रीनवर आली की ओळखू का येत नाहीत?

सूत्र सोपंच आहे, वाक्य वाचणं अवघड आहे

सूत्र तुम्हाला पाठ असेल:

सरळव्याज = मुद्दल × दर × मुदत ÷ १००

आणि मुद्दल अधिक व्याज म्हणजे रास, म्हणजे शेवटी परत द्यायची एकूण रक्कम. पाचपैकी तीन गोष्टी माहीत असल्या की बाकीच्या निघतात. बीजगणित म्हणून एवढंच.

पण पुस्तकातल्या प्रत्येक उदाहरणात एक विचित्र शब्द असायचा: द.सा.द.शे. दर साल दर शेकडा. म्हणजे दर शंभर रुपयांना, दर वर्षाला. शाळेत आपण तो मंत्रासारखा म्हणून पुढे जायचो. खरं तर सगळ्या उदाहरणाची किल्ली त्या चार अक्षरांत आहे. दर हा आकडा एकटा कधीच नसतो. ‘किती रुपयांवर’ आणि ‘किती काळासाठी’ हे त्याला चिकटलेलं असतं. पुस्तक ते दोन्ही सांगतं. ॲप फक्त ‘३%’ सांगतं.

गावाकडे कुणी ‘शेकड्याला तीन’ म्हणालं, तर आजीलासुद्धा कळतं की हे महिन्याचं बोलणं चाललंय. सावकारी व्यवहारात दर बहुतेक वेळा महिन्याचाच असतो. बँकेच्या बोर्डावरचा ८% किंवा ११% मात्र वर्षाचा. भावाने या दोन वेगळ्या मापांतल्या आकड्यांची सरळ तुलना केली आणि ‘बँकेपेक्षा स्वस्त’ म्हणून मोकळा झाला. महिन्याला ३ म्हणजे वर्षाला ३ × १२ = ३६. द.सा.द.शे. ३६.

माझ्या कामात याला युनिटचा बग म्हणतात, आणि तो भल्याभल्यांकडून होतो. १९९९ मध्ये नासाचं मंगळावर पाठवलेलं एक यान याच कारणाने गमावलं गेलं. एका टीमचे आकडे पौंडांच्या मापात, दुसरीचे मेट्रिकमध्ये. त्यामुळे भावाला फार बोललो नाही.

तर पहिली सवय ही: दर दिसला की लगेच ‘द.सा.द.शे.’ करून घ्यायचा. महिन्याचा असेल तर गुणिले १२, दिवसाचा असेल तर गुणिले ३६५. आणि मुदतही वर्षांतच लिहायची. ३० दिवस म्हणजे ३०/३६५.

मुद्दल कोणतं धरायचं?

मला वाटतं सगळ्यात मोठी गफलत इथे होते. भावाला विचारलं, पहिल्या लोनचं मुद्दल किती? “पाच हजार.” खात्यात किती आले? “चार हजार चारशे दहा.”

मधले ५९० रुपये कुठे गेले? १०% प्रोसेसिंग फी म्हणजे ५०० रुपये, त्यावर १८% जीएसटी म्हणजे ९० रुपये. हे आधीच कापून घेतलेले. आणि तीस दिवसांनी परत द्यायचे ५,१५०, म्हणजे पाच हजार अधिक ३% व्याज.

आता हेच शाब्दिक उदाहरण म्हणून लिहू या, ॲपची भाषा बाजूला ठेवून: *एका मुलाला ४,४१० रुपये मिळाले. ३० दिवसांनी त्याने ५,१५० रुपये परत केले. तर सरळव्याजाचा द.सा.द.शे. दर काढा.*

मुद्दल = ४,४१०. रास = ५,१५०. व्याज = ५,१५० − ४,४१० = ७४०. मुदत = ३०/३६५ वर्ष.

सूत्रातून दर एका बाजूला आणला की:

दर = व्याज × १०० ÷ (मुद्दल × मुदत)
= ७४० × १०० × ३६५ ÷ (४,४१० × ३०)
= २०४ च्या थोडं वर

द.सा.द.शे. २०४. ‘फक्त ३%’ चं खरं रूप हे. त्याने दोनदा कॅल्क्युलेटर मारला, मग मला फोन केला. “दादा, पण फी म्हणजे व्याज नाही ना?”

हिशेबाच्या वहीत नसेल. तुमच्या खिशाच्या दृष्टीने मात्र काही फरक नाही. जे हातात आलं ते मुद्दल, जे हातातून गेलं ती रास, आणि दोन्हींतला फरक म्हणजे पैसे वापरायचं भाडं. त्याला फी म्हणा, ‘प्लॅटफॉर्म चार्ज’ म्हणा, विमा म्हणा. शाब्दिक उदाहरणात मुद्दल ओळखायचं असेल तर एकच प्रश्न विचारायचा: वापरायला मिळाले किती?

दुसरं लोन घेतलं असतं तर

परवा ५,१५० भरायचे होते आणि त्याला ते नव्या लोनमधून भरायचे होते. नव्या ॲपचे नियमही तेच: १०% फी, वर जीएसटी, महिन्याला ३%. मग ५,१५० *हातात* यायला किती रुपयांचं लोन घ्यावं लागेल? इथे समीकरण मांडावंच लागतं.

लोनची रक्कम क्ष मानू. फी आणि जीएसटी मिळून ११.८% कापले जातात, म्हणजे हातात क्षचे ८८.२% येतात.

०.८८२ × क्ष = ५,१५०
क्ष = ५,१५० ÷ ०.८८२ = ५,८३९ रुपये

बरेच जण इथे ५,१५० चे ११.८% काढून ते ५,१५० मध्ये मिळवतात आणि ५,७५८ उत्तर देतात. ते चुकतं, कारण फी लोनच्या पूर्ण रकमेवर लागते, हातात आलेल्या रकमेवर नाही. ५,७५८ चं लोन घेतलं तर हातात ५,०७९ च्या आसपास येतील आणि ७१ रुपये कमी पडतील.

पुढच्या महिन्यात या ५,८३९ वर ३% धरून भरायचे ६,०१४. तेही तिसऱ्या ॲपवरून घेतले तर त्याच्या पुढच्या महिन्यात ७,०२३. इथे सरळव्याज संपलं आणि आठवीतलं चक्रवाढव्याज सुरू झालं. दर महिन्याची संपूर्ण रास पुढच्या महिन्याचं मुद्दल होते आणि रक्कम दर वेळी सुमारे १.१६८ पट होते. असंच चालत राहिलं तर बारा महिन्यांनी भरायची रक्कम अठ्ठावीस हजारांच्या वर जाते. हातात आलेले पैसे? तेच ४,४१०.

त्याच दराने *सरळव्याज* असतं तर महिन्याला ७४० प्रमाणे वर्षाचे ८,८८० रुपये झाले असते आणि रास १३,२९०. तेही भयंकरच आहे, पण अठ्ठावीस हजार नाही. आपल्याकडे ‘दामदुप्पट’ नावाचा जुना नियम आहे, थकलेलं व्याज मुद्दलाच्या वर मागायचं नाही असा. एका ॲपचं लोन दुसऱ्या ॲपने फेडलं की जुन्या लोनचं व्याज नव्या लोनच्या मुद्दलात मिसळून जातं. मग मूळ मुद्दल किती आणि व्याज किती, हे दाखवणारा कागदच उरत नाही.

दोन ठिकाणांहून पैसे: शाळेतलं आवडतं उदाहरण

‘काही रक्कम एका दराने आणि उरलेली दुसऱ्या दराने’ हे उदाहरण आठवतंय? परीक्षेत चार मार्कांना यायचं आणि आपल्याला वाटायचं, असं कोण करतं? माझ्या ऑफिसमधल्या एका ज्युनिअर मुलीने केलं. तिला लॅपटॉपसाठी ५०,००० हवे होते. गावच्या पतसंस्थेचा दर १२%, पण तिथे कागदपत्रं आणि जामीनदार. ॲपचा दर २८%, पण दहा मिनिटांत काम. दोन्हीकडे वर्षाच्या शेवटी एकदम फेडायचं असं धरू, गणित सोपं राहील. तिचं म्हणणं, वर्षाला ८,४०० रुपयांपेक्षा जास्त व्याज परवडणार नाही. मग पतसंस्थेकडून कमीत कमी किती घ्यावे लागतील?

पतसंस्थेकडून क्ष रुपये. मग ॲपवरून किती? इथे दुसरं अक्षर आणायची गरज नाही. एकूण ५०,००० हे माहीत आहे, म्हणजे उरलेले (५०,००० − क्ष). अर्धी लढाई इथेच जिंकली जाते.

१२ × क्ष ÷ १०० + २८ × (५०,००० − क्ष) ÷ १०० = ८,४००

दोन्ही बाजूंना १०० ने गुणलं:

१२ क्ष + १४,००,००० − २८ क्ष = ८,४०,०००
१६ क्ष = ५,६०,०००
क्ष = ३५,०००

ताळा करून बघू. ३५,००० वर १२% म्हणजे ४,२००. उरलेल्या १५,००० वर २८% म्हणजे तेही ४,२००. बेरीज ८,४००. बरोबर. आणि ताळा करताना जे दिसलं ते मला समीकरणापेक्षा जास्त बोलकं वाटतं: ॲपचे पंधरा हजार तिला पतसंस्थेच्या पस्तीस हजारांइतकेच महाग पडत होते. तिने जामीनदार शोधला.

हप्ता आला की सूत्र थोडं फसवतं

आतापर्यंत आपण पैसे एकदम परत केले. फोन मात्र आपण हप्त्यावर घेतो, आणि दुकानात हमखास ऐकू येतं: “१२% फ्लॅट.” समजा २४,००० चा फोन, १२% फ्लॅट, बारा महिने. व्याज २,८८०, एकूण २६,८८०, महिन्याचा हप्ता २,२४०. सूत्रात टाका, बरोबर येतं. मग फसवणूक कुठे?

सूत्रातलं मुद्दल २४,००० आहे आणि मुदत एक वर्ष. पण चोवीस हजार वर्षभर तुमच्याकडे होते का? पहिल्या हप्त्यानंतर तुम्ही साधारण २,००० परत केले. सहा महिन्यांनी निम्मेच उरले. शेवटच्या महिन्यात तर २,००० च तुमच्याकडे होते, आणि तरी व्याज पूर्ण २४,००० वर चालू.

दर महिन्याला तुमच्याकडे असलेलं मुद्दल लिहून काढा: २४,०००, २२,०००, २०,०००... असं करत २,००० पर्यंत. याची सरासरी १३,०००. म्हणजे खरं उदाहरण असं: १३,००० रुपयांवर एका वर्षाचं व्याज २,८८०. दर = २,८८० × १०० ÷ १३,००० = साधारण २२%.

हे अंदाजे उत्तर झालं. अचूक हवं असेल तर गूगल शीट्स उघडा. तिथे ‘रेट’ नावाचं फंक्शन आहे. त्याला क्रमाने हप्त्यांची संख्या १२, हप्ता उणे २,२४० आणि कर्ज २४,००० असे तीन आकडे द्या, आणि आलेल्या उत्तराला १२ ने गुणा. २१.५% च्या जवळपास येईल. सातवीच्या सूत्राने आपण अर्ध्या टक्क्याच्या फरकाने तिथे पोचलो होतो, दुकानात उभ्या उभ्या. लक्षात ठेवायला एवढं पुरे: वर्षभराच्या हप्त्यांचा फ्लॅट दर दिसला की तो जवळपास दुप्पट करून वाचा. बँकेचा ‘घटत्या शिलकेवरचा’ दर मात्र तसाच वाचायचा, त्यात ही चलाखी नसते.

‘नो कॉस्ट ईएमआय’ चंही असंच. तोच फोन रोख घेतला तर सवलत धरून १६,८०० ला आणि ‘नो कॉस्ट’ हप्त्यावर ३,००० × ६ = १८,००० ला मिळत असेल, तर मुद्दल १६,८०० आणि व्याज १,२००. सोडून दिलेली सवलत हेच व्याज. सरासरी मुद्दल ९,८००, मुदत अर्धं वर्ष. दर निघतो साडेचोवीस टक्के. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. म्हणून जाहिरातीतला शब्द बदलला. रोखीचा भाव खरोखरच १८,००० असेल आणि वेगळी फी नसेल, तर खुशाल घ्या. विचारायचं एवढंच, की आत्ता पूर्ण पैसे दिले तर किती?

हे गणित ॲपनेच करून द्यायला हवं

आणि नियमाने ते करून देतंच. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्याने आधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यायला हवं, आणि तेही तुम्हाला समजणाऱ्या भाषेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि एनबीएफसींच्या नव्या किरकोळ कर्जांना हे लागू आहे. त्यात ‘एपीआर’ नावाची ओळ असते: फी, विमा वगैरे सगळं धरून काढलेला वर्षाचा दर. आपण वर २०४ काढला तो याच जातीचा आकडा. हिशेबाची पद्धत जरा वेगळी असल्याने उत्तर हुबेहूब तेच येणार नाही, पण ‘३%’ तर नक्कीच येणार नाही.

भावाने ते स्टेटमेंट उघडलंच नव्हतं. सहा पानी पीडीएफ, खाली ‘मी मान्य करतो’ चं बटण. कोण उघडतं? मीही सगळं वाचत नाही. पण एपीआरची ओळ, हातात येणारी रक्कम आणि एकूण परत द्यायची रक्कम, एवढं शोधायला मिनिट लागत नाही.

अजून दोन गोष्टी. डिजिटल कर्ज घेतल्यावर ‘कूलिंग ऑफ’ ची मुदत मिळते, कमीत कमी एक दिवस. त्या काळात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज परत करून, दंड न भरता बाहेर पडता येतं. फक्त सुरुवातीला सांगितलेली वाजवी प्रोसेसिंग फी ते ठेवू शकतात. रात्री घेतलेलं लोन सकाळी पश्चात्ताप झाला तर परत करता येतं ते असं. आणि ॲप जर तुमचे कॉन्टॅक्ट, फोटो किंवा कॉल लॉग मागत असेल तर तिथेच थांबा, लोन ॲपला ते मागायची परवानगीच नाही. अशा ॲपची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर करता येते.

भावाकडे त्या रात्री ३,००० होते. उरलेले २,१५० मी पाठवले आणि पहिलं लोन बंद झालं. तो मला महिन्याला ५०० देतो, सेमिस्टरच्या फीच्या महिन्यात दोनदा चुकवले. व्याज लावलेलं नाही. पण आता कुठलाही स्क्रीनशॉट पाठवताना खाली स्वतः काढलेला द.सा.द.शे. दर लिहून पाठवतो. परवाचा हा होता, तुम्हीही करून बघा:

*‘दिवसाला फक्त ०.१% व्याज. लोन ३,०००. प्रोसेसिंग फी ३००, जीएसटी ५४. पंधरा दिवसांनी ३,०४५ भरा.’*

हातात २,६४६ येतात. त्याचं उत्तर ३६७% आलं होतं, आणि बरोबर होतं.